काजळीतला हात

सर्वण गावातल्या आमच्या घरात चुलीमागच्या भिंतीवर बाबांचा पंजा आहे.

गणपतीच्या चवथीआधी घर झाडताना बाबा काठीला केरसुणी बांधून काजळी काढत होते. तोल गेला म्हणून त्यांनी भिंतीला हात टेकला. काजळी तळहाताला लागून निघाली आणि काळ्या भिंतीवर पाच बोटं उजळ उमटली. उरलेली भिंत उद्या, असं म्हणून ते झोपले ते पहाटे उठलेच नाहीत.

तेव्हापासून आई त्या भिंतीला केरसुणी लावू देत नाही. घरात गॅस आहे, तरी सकाळची पेज चुलीवरच.

बाबा पाळी गावच्या खाणीवर टिपर ट्रक चालवायचे. त्या डिझेलच्या धुरातूनच माझी फी आली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि आज प्रयोगशाळेत हवेतली काजळीच मोजते.

"धूर मोजूक तुका पगार दितत?" एकदा आई म्हणाली. "माझ्या चुलीकडे बस, फुकट मोज."

"आई, काळं ऊन शोषून घेतं. ही काजळी तरंगते तोवर हवा तापवते. बर्फावर बसली तर बर्फ वितळवते."

"हिमालय खंय आणि माझी चूल खंय!" ती हसली आणि खोकत खालीच बसली. त्या खोकल्याचीच मला धास्ती होती.

"मग विझव ना चूल."

"विझली तर तुझो बापूस भिंतीवरसून जायत. धग असा म्हणान तो हात उरलो."

मी भिंतीकडे पाहिलं. बोटं बारीक झाली होती. करंगळी काळ्यात बुडाली होती.

धूर थांबला की काजळी थोड्याच दिवसांत खाली बसते, हवा लवकर निवळते, असं मी लोकांना आशेने सांगत असते. पण खाली बसते म्हणजे कुठेतरी बसतेच. इथे ती बाबांच्या हातावर बसत होती.

"आई, हात धगीने राहिला नाही. धूरच तो बुजवतोय. रोज थोडा थोडा."

ती उठली. बोट भिंतीजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"म्हणजे मीच पुसतंय तेका?"

तिने पेटती लाकडं ओढून अंगणात नेली आणि त्यांवर पाणी ओतलं.

आता पेज गॅसवर होते. ती वाढून घेते आणि थंड चुलीसमोर भिंतीकडे तोंड करून बसते. खोकला कमी झालाय. चार बोटं आहेत तशी आहेत. करंगळी मात्र परत दिसली नाही.