डांबराखालची फट

घर विकायचं ठरलंय. म्हणून आज सकाळी मुलाने गच्चीवरच्या फटीवर डांबर ओतलं, आणि त्या वासासरशी मी वर्धा नदीच्या काठी जाऊन पोचले.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. हे जुनी नाव बघायला निघाले, तर मीही सोबत गेले. नाव काठावर ओंडक्यांवर ठेवलेली. ह्यांनी आत पाण्याच्या घागरी ओतल्या आणि वाकून खालून तळावर हात फिरवला. हात कोरडाच राहिला. सौदा ठरणार, तोच नाव विकणाऱ्या म्हाताऱ्या नावाड्याने तळाच्या डांबरावर अंगठा दाबला.

“अठी पाहा. माणसं बसली का हे फट उघडते.”

“काऊन सांगून राह्यले बाबा? मी तं घेतच होतो.”

म्हातारा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, “हे दोन जिवांची पोर बसन ना यात.”

मला तेव्हा त्याचा रागच आला. वाटलं, गेली नाव हातची. ह्यांनी मात्र फट दाखवणाऱ्या माणसाची म्हणून तीच घेतली.

दुपारी घर बघायला एक तरुण जोडपं आलं. मुलगा त्यांना खोल्या दाखवत होता. मी त्या पोरीचा हात धरून तिला आतल्या कोपऱ्यात नेलं.

“पावसाळ्यात अठी गळते, बाई. पाळणा तिकडे बांधजो.”