मास्तरचा फोक

माझ्या दोन्ही घोट्यांवर पांढरे वण आहेत. बघणाऱ्याला वाटतं काटेरी कुंपणाचे असतील. ते निरगुडीच्या फोकाचे आहेत आणि मला गोल्फ शिकताना मिळालेले आहेत. हे सांगितलं की लोक हसतात, कारण गोल्फ म्हणजे पांढऱ्या विजारीतल्या माणसांनी सावकाश चालत खेळायचा खेळ, अशी त्यांची समजूत असते.

आटगाव आणि शहापूरच्या मधल्या मुरमाड माळावर साहेब लोकांचा एक लहान क्लब होता. नऊ खड्ड्यांचं मैदान, पत्र्याची एक बैठी इमारत आणि मागच्या अंगाला मास्तरची झोपडी. रेल्वेवरचे, धरणावरचे साहेब सुट्टीच्या दिवशी तिथे येत. मास्तर म्हणजे क्लबचा प्रोफेशनल. साहेबांना खेळ शिकवायचा, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायच्या, मैदानाची निगा राखायची, हे त्याचं काम. तो मुरबाडकडचा, सिद्धगडाच्या पायथ्याचा. लष्कराच्या छावणीत साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता तो खेळ शिकला होता आणि कोणाही साहेबाला हरवील इतका चांगला खेळायचा. हरवायचा मात्र नाही.

मी शेणव्याचा. घरची भातशेती, भावांना पुरून उरेल एवढी नव्हती. अठराव्या वर्षी मी पिशव्या वाहायला लागलो आणि त्याच वर्षी मास्तरने मला खेळताना पाहिलं. तुटक्या काठीने मी वाटेतला दगड मारला होता. तो दगड कुठे पडला ते बघायला मास्तर स्वतः चालत गेला. परत येऊन म्हणाला, "उद्या सकाळी लवकर ये. सायब उठायच्या आदी."

मास्तरची शिकवण्याची एकच रीत होती. मी चेंडूसमोर उभा राहायचो आणि तो माझ्या मागे फोक घेऊन. काठी फिरवताना नजर चेंडूवरून उठली, मान वर झाली, की घोट्यावर सपकन बसायचा. पहिल्या पावसाळ्यापर्यंत माझे पाय सुजलेलेच असत. आई हळद लावायची आणि म्हणायची, "असला कसला रे ह्यो खेळ? चोराला बी असं नाय मारत." मास्तर मारतो म्हणजे मला काहीतरी देतो, अशी माझी खात्री होती. बापाने मारलं तर जसं वाटतं तसंच.

मीही काही गरीब गाय नव्हतो. लहान गोष्टीवरून डोक्यात राख घालून घ्यायचो. पिशव्या वाहणारा एक सोबती माझ्या लंगडण्याची नक्कल करून हसला, त्याचे दोन दात मी पाडले. एका गुराख्याने माझा चेंडू लपवला, त्याला चिखलात पालथा घालून त्याच्या पाठीवर बसलो, श्वास कोंडेपर्यंत. मास्तरला हे कळलं की तो मला मारायचा, आणि मारून झाल्यावर शेजारी बसून चिलीम ओढायचा. माझी अशी सहा वर्षं गेली.

मग मास्तरची नजर जायला लागली. पन्नास पावलांपलीकडचा चेंडू त्याला दिसेना. त्याने कमिटीला सांगितलं की माझ्या जागी याला घ्या. कमिटी म्हणजे चार साहेब आणि त्यांचा सेक्रेटरी, लाल मानेचा, कायम हातात वेताची छडी असलेला. त्यांनी सांगितलं, परीक्षा देऊ दे. परीक्षा तीन गोष्टींची. एक, दोन फेऱ्या ठरलेल्या फटक्यांच्या आत खेळायच्या. दोन, मोडलेली काठी त्यांच्या देखत दुरुस्त करायची. तीन, नवख्या माणसाला शिकवून दाखवायचं. तिन्ही जमलं तर कमिटीच्या सहीचा कागद मिळणार, आणि त्या कागदावर शिकवणाऱ्याचीही सही लागणार. माझ्यासारख्याला तोवर त्या मैदानावर कुणी प्रोफेशनल केलेलं नव्हतं. मास्तरलासुद्धा कागद नव्हता, त्याला नुसतं ठेवून घेतलेलं होतं. मला तो कागद हवा होता. दुसरं काही दिसतच नव्हतं.

साहेबांची जर्मनीशी लढाई सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा होता. भात झोडून झालं होतं, माळावरचं गवत पिवळं पडलं होतं. सकाळी मी खेळलो आणि ठरलेल्यापेक्षा तीन फटके कमी घेतले. मग कमिटी झाडाखाली खुर्च्या टाकून बसली आणि त्यांच्यासमोर मी एका मोठ्या काठीचं फुटलेलं लाकडी डोकं सरसाने सांधलं, वर मेणाचा दोरा इतका घट्ट गुंडाळला की सेक्रेटरीने नख लावून पाहिलं आणि मान हलवली. दुरुस्त केलेली ती काठी त्यांनी मलाच देऊन टाकली. दोन गोष्टी पार पडल्या होत्या.

तिसरीच्या आधी मास्तर माझ्याजवळ आला. त्याने आपला फोक माझ्या हातात दिला. तेल पाजून काळा झालेला, मुठीपाशी गुळगुळीत. "आता ह्यो तुजा," म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले. त्याच्या मनात त्या वेळी फक्त वारसा देण्याचं होतं. आणि मी मास्तरला साहेबांना शिकवताना जवळून कधी पाहिलंच नव्हतं, कारण अशा वेळी आम्हा पिशवीवाल्यांना चेंडू शोधायला दोनशे पावलं पुढे उभं करत.

शिकाऊ म्हणून धरणावरचा एक तरुण इंजिनियर होता. नुकताच विलायतेहून आलेला, हसतमुख. मी त्याचे पाय नीट ठेवायला सांगितले, मूठ दाखवली. त्याने मारलं, मान वर केली, चेंडू चार हातांवर गवतात घुसला. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, नजर खाली. त्याने पुन्हा मान वर केली. तिसऱ्यांदा त्याची मान वर जाताना मला दिसली आणि माझा हात आपोआप चालला. सहा वर्षं ती मान आणि तो फोक माझ्या अंगात एकत्रच मुरले होते. सपकन आवाज झाला. साहेबाच्या नडगीवर मोज्यातून रक्ताची रेघ उमटली.

तो ओरडला नाही. त्याने खाली पाहिलं, दात आवळले, पुढचा चेंडू ठेवला आणि मारला. तो चेंडू असा गेला की मी कमिटीकडे अभिमानाने वळून पाहिलं. मी शाबासकीची वाट बघत होतो.

सेक्रेटरीची छडी माझ्या तोंडावर बसली. पहिला फटका कानावर, दुसरा ओठावर, मग मी मोजले नाहीत. मी खाली पडलो तेव्हा त्याने बुटाची लाथ घातली. मी उठून त्याचा गळा धरला असता. पण मास्तर मध्ये आला, माझ्या अंगावर आडवा पडला, आणि चार-सहा फटके त्याच्याही पाठीवर बसले. मग कोणीतरी सेक्रेटरीला धरलं. आम्हाला मैदानाबाहेर घालवलं.

मास्तर म्हणाला, घरापर्यंत येतो, आईला मी सांगतो. दुपार होती. शेणव्याच्या वाटेवर आम्ही चाललो होतो. माझं तोंड रक्ताने भरत होतं, मी थुंकत होतो. कोरड्या ओहोळात उतरलो तेव्हा मी विचारलं, "तुमी सायबाला फोक मारत नाय?"

मास्तर थांबला. "सायबाला कसा मारीन, रे?"

"मग मला सांगितलं का नाय?"

तो म्हणाला, "माज्या ध्यानात नाय आलं." खरं बोलला. तेवढंच मला सहन झालं नाही.

खांद्यावरची ती दुरुस्त केलेली काठी मी उतरवली आणि त्याला मारलं. पहिला घाव खांद्यावर. तो खाली बसला. दुसरा डोक्यावर आला असता, पण त्याने उजवा हात वर केला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी मी थांबलो नाही. त्याच्या पाठीवर, मांडीवर मारत राहिलो, घोट्यांवर तर मुद्दाम मारलं, आणि मारताना शिव्या देत होतो, रडत होतो. त्याने एकदाही परत हात उचलला नाही. माझी काठी सांध्यावर तुटली तेव्हा मी थांबलो. मला त्या दिवशी जे वाटलं ते लपवून काय करू? बरं वाटलं. चार पावलं चालेपर्यंत बरं वाटलं. मग मी ओहोळातच ओकलो, आणि त्याला तिथेच टाकून घरी गेलो.

चार दिवसांनी क्लबचा शिपाई दारात आला. शनिवारी शिकवणीची परीक्षा पुन्हा आहे, फोक आणायचा नाही. शिवाय मास्तरचा निरोप होता. "चेंडूखाली झाडाचं पान दुमडून ठेव. सायबाला दाखवू नको कंचं हाय ते. मारल्यावर विचार. नजर खाली ऱ्हायली तरच सांगता येतं." साहेबांना तो असंच शिकवत आला होता. वर्षानुवर्षं. मी तो निरोप ऐकला आणि ओसरीवर बसून राहिलो. त्याच्याकडे पानं होती. मला मात्र त्याने फोक दिला होता. ज्याला मी मारून आलो होतो त्याचा मला त्या क्षणी पुन्हा राग आला, आणि आपलीच शिसारीही आली.

शनिवारी तोच इंजिनियर होता. पायाला पट्टी. मी पान ठेवलं, त्याने मारलं, मी विचारलं. "आंबा," तो म्हणाला आणि हसला. दुसऱ्यांदा जांभूळ. चेंडू सरळ जात होते. मध्येच त्याने हळू आवाजात मला सांगितलं की तुझा मास्तर दोन दिवस माझ्या बंगल्याच्या पायरीवर बसून होता. चूक पोराची नाही, माझी आहे, एवढंच म्हणत होता. शेवटी इंजिनियरनेच कमिटीला पुन्हा परीक्षा घ्यायची गळ घातली. मास्तरचा हात गळ्यात बांधलेला. ओहोळात पाय घसरून पडलो, म्हणाला.

परीक्षा झाल्यावर सगळे इमारतीत गेले. मला दारात उभं केलं. टेबलावर कागद होता. चार साहेबांनी सह्या केल्या, सेक्रेटरीने केली, मग मास्तरला बोलावलं. छावणीत असताना एका पाद्र्याने त्याला इंग्रजीत नाव लिहायला शिकवलं होतं आणि ती सही म्हणजे त्याचा दागिना होता. क्लबच्या वहीत ती वळणदार उमटायची. त्या दिवशी उजव्या हाताला बांबूच्या कामट्या आणि झाडपाला बांधलेला होता. बोटं काळीनिळी, सुजलेली. त्याने टाक डाव्या हातात घेतला. अक्षरं वाकडीतिकडी, एक ओळ सोडून खाली घसरलेली. त्याला वेळ लागला, खोलीत सगळे वाट बघत होते.

सेक्रेटरीने कागद उचलून बघितला आणि हसला. इतकी वर्षं साहेबांत राहून माकडाला नाव लिहिता येत नाही, असं काहीतरी म्हणाला. बाकीचेही हसले. मास्तर खाली मान घालून उभा होता. मग त्याने वर बघितलं, माझ्याकडेच, त्या अंधूक डोळ्यांनी मी जिथे असेन असं त्याला वाटलं तिथे.

मी फक्त खरं सांगायला हवं होतं. हा हात मी मोडला, एवढं. सांगितलं असतं तर कागद तिथेच फाडला असता. मी तोंड उघडलं नाही. सेक्रेटरीने कागद माझ्या हातात दिला आणि मी वाकून त्याला सलाम केला.