उठलेल्या माणसाचं जेवण

माझी पत्नी सॅनिटोरियममधून घरी परत आली तेव्हा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. दीड वर्षापूर्वी ती गेली, तेव्हा परत येईल असं आमच्यापैकी कोणीच धरलं नव्हतं. निघताना पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून जी प्रार्थना केली, ती आजाऱ्यासाठी करतात ती नव्हती, मरणाऱ्यासाठी करतात ती होती. ते मला कळलं आणि तिलाही कळलं. क्षय झाला की माणसं असंच समजत. पण त्याच सुमाराला नवी इंजेक्शनं आणि गोळ्या आल्या, आणि ज्या खाटांवरून पूर्वी माणसं पांढऱ्या चादरीखाली जात, त्यांतली काही आपल्या पायांनी जाऊ लागली. तिला न्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा स्वच्छ. छातीच्या फोटोत डाग वाळलेला आहे. गोळ्या चुकवू नका आणि तिला खायला घाला. ब्याण्णव पौंड वजन आहे, ते शंभराच्या वर गेलं पाहिजे."

मी विचारलं, "आता इतरांना लागायची भीती नाही ना?"

ते म्हणाले, "माझ्या मते नाही."

'माझ्या मते' हे दोन शब्द मी घरी घेऊन आलो. मी पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर स्टोअरकीपर होतो. खिळे मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे, यात माझी उमर गेली. अंदाजाने दिलेली वस्तू माझ्या हातून सुटत नसे.

आम्ही चिंचवड स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होतो. पुढे ओटा. घरात माझी आई आणि चार वर्षांची मुलगी. आई सॅनिटोरियमला गेली तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती, तिला काही आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी ती माझ्या आईच्या लुगड्यामागून बघत म्हणाली, "ती बाई कधी जाणार?"

आईने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात खाट, खाटेखाली एक जर्मनचं ताट, एक पेला, एक वाटी. ती भांडी वेगळी उकळायची, वेगळी पालथी घालायची. जेवण वरून वाढायचं. पाणी वरून ओतायचं, तांब्या पेल्याला लागू द्यायचा नाही.

आता हे ज्या बाईने केलं तिच्याविषयी सांगितलं पाहिजे. आईचं लहानपण नगरकडच्या एका गावात महारवाड्यात गेलं. तहान लागली की ओंजळ धरून पाटलाच्या दारात खाली बसायचं आणि वरून धार सोडली जायची, हे तिने स्वतः प्यायलेलं पाणी. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो पुस्तकातून आला नाही. एक उपदेशक, जन्माने वरच्या जातीचा, महारवाड्यात येऊन खाली बसला आणि आईच्या वडिलांच्या टोपल्यातली भाकर मोडून खाल्ली. "धरमाचं मला कळत न्हाई, पन ह्यो मानूस आपली भाकर खातो," म्हणून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आईने मला इतक्या वेळा सांगितली होती की ती भाकर बाजरीची होती हेसुद्धा मला माहीत आहे.

म्हणून मी एकदाच बोललो. "आई, तू वरून पाणी घालतेस."

ती म्हणाली, "व्हय, घालते. तुझे दोन भाऊ ह्याच खोकल्यानं गेले. दोघांनाबी मी मांडीवर घेऊन पाजलं, म्या दुरावा केला न्हाई. धाकटा थोरल्याच्या ताटात जेवला, आन् त्याच्यामागं गेला. आता ह्या पोरीचं काय झालं तर तू येशील का माती लोटाया? माझ्यात न्हाई ताकद."

त्यानंतरही तांब्या आईच्याच हातात राहिला. 

चिंचवडात आमच्या मंडळीला चर्चची इमारत नव्हती. शाळेच्या एका खोलीत उपासना व्हायची, पंधरा-वीस घरं, बहुतेक नगरकडची. खडकीहून पाळकसाहेब सायकलवर येत. पत्नी आली त्या रविवारी त्यांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. "प्रभू, तू आमच्या बहिणीला कबरेतून उठवलंस." सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. ती बसली होती त्या बाकावर आणखी चार माणसं मावली असती. ती माणसं इतर तीन बाकांवर दाटीने बसली होती. उपासना झाल्यावर बाया दारातूनच "सलाम, सलाम" करून निघाल्या. एकीने विचारलं, "आता बरं आहे ना?" आणि उत्तर ऐकताना पदर नाकाशी धरला. वाईट मनाने नाही, हात आपोआप गेला.

घरी येताना पत्नी म्हणाली, "उठवलं म्हणाले. मग कोणी हात का धरला नाही?"

ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी आमच्या मंडळीचे पंच मला बाजूला घेऊन गेले. दवाखान्यात कंपाउंडर होते, वयाने मोठे, सज्जन. प्रभुभोजनाच्या भाकरीची आणि द्राक्षरसाची, ताट-प्याल्याची मांडणी माझ्याकडे होती. ते म्हणाले, "राव, राग मानू नका. सणाला प्रभुभोजन आहे आणि प्याला एकच. सगळे ओठ लावणार. वहिनींनी या खेपेला थांबावं. त्यानंतरच्या प्रीतिभोजनाचं ताट आपण घरपोच पाठवू, त्यात काही कमी करणार नाही."

"डॉक्टर म्हणतात स्वच्छ आहे."

"मीही दवाखान्यातच आहे, भाऊ. लिहून देतील का?"

डॉक्टर तसं लिहून देणार नाहीत हे मला माहीत होतं. मी घरी येऊन पत्नीला निरोप सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात बरी आहे. पाळकसाहेब म्हणतात उठलेय. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "तीन वेळा काही निघालं नाही. चौथ्या वेळी निघणारच नाही असं मी कसं म्हणू?"

ती हसली. "तुम्ही खोटं बोलणार नाही, हे मला लग्नाच्या आधी सांगितलं होतं माझ्या बापाने. तेव्हा मला वाटलं, चांगलंच आहे की."

ती आली तेव्हापासूनच तिचं जेवण कमी होत चाललं होतं, आता ते सुटतच गेलं. रुसून नाही. ती ताट पुढे ओढायची, दोन घास खायची आणि बघत बसायची. "जात नाही हो," एवढंच. तापमान घेतलं, ताप नव्हता. खोकला नव्हता. पण मनगट बारीक होत होतं आणि मला आकडा हवा होता. म्हणून बुधवारी टांगा करून तिला साइटवर नेलं आणि सिमेंट तोलायच्या काट्यावर उभं केलं.

काट्यावर रहाटणीचा एक गडी असे, तोंडाचा फटकळ. वजनं सरकवून तो म्हणाला, "वहिनी, गोनी एकशेबारा पौंडाची असती. तुमचं माप लई कमी भरतंय. कंपनी माल परत धाडील बगा."

पत्नी म्हणाली, "धाडू नका म्हणावं. एकदा जाऊन आलेय."

तो खदखदून हसला आणि तिला उतरायला हात दिला. सरळ तिचा हात धरून. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला होता.

चौऱ्याऐंशी. सॅनिटोरियममध्ये ती वाढत होती आणि माझ्या घरात ती कमी होत होती. असंच चाललं तर पावसाळ्याच्या आधी मी तिला कबरस्थानात नेईन, आणि तेव्हा मरणाचं कारण क्षय लिहिलं जाईल, आणि ते बरोबर नसेल. हे मी टांग्यात बसून सरळ हिशेबाने पाहिलं. मी प्रार्थना करत होतो, पण ती कोणी ऐकतं आहे असं त्या दिवसांत मला वाटत नव्हतं. शरीराच्या पुनरुत्थानावर मी विश्वास ठेवतो, हे मी दर रविवारी सगळ्यांबरोबर उभा राहून म्हणत आलो होतो. ते शेवटल्या दिवसाचं. माझ्या ओट्यावर जे शरीर आत्ताच उठून आलं होतं त्याचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

सणाच्या पहाटे शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती. शनिवारी दुपारी ओट्याच्या पायरीवर बसून मी तो मोठ्याने वाचून पाहत होतो. लूकच्या शुभवर्तमानातला शेवटचा भाग. प्रभू शिष्यांमध्ये येऊन उभा राहतो आणि त्यांना वाटतं भूत आलं. तो हात दाखवतो, पाय दाखवतो, तरी त्यांना पटत नाही. मग तो विचारतो, खायला काही आहे का. ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो.

खाटेवरून पत्नी म्हणाली, "ते माशाचं परत वाचा."

मी वाचलं.

ती खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "त्यांनी त्याला वेगळ्या ताटात दिला असेल का हो?"

आत आई चुलीपाशी होती. तिनेही ऐकलं असणार, कारण फुंकणीचा आवाज थांबला. मी पुस्तक मिटून साइटवर निघून गेलो. काम नव्हतं, तरी गेलो.

आमच्या रीतीने पहाटे कबरस्थानात उपासना झाली, मी पाठ वाचला, माझा आवाज नीट राहिला. परत शाळेत येऊन प्रभुभोजन झालं, त्याला पत्नी आली नाही. मी प्याला मांडला आणि स्वतः घेतला नाही. पुढे सरकवला. शेजारच्याने पाहिलं.

मग अंगणात पंगत बसली. मटणाचा रस्सा आणि भात. मी वाढपी होतो, रश्शाची बादली माझ्याकडे. अर्धी पंगत वाढून झाली तेव्हा फाटकातून पत्नी आली. घरापासून चालत आली होती, तीन ठिकाणी बसत. ती पंगतीच्या शेवटी जमिनीवर बसली. तिच्या अलीकडची बाई उठली नाही, पण आपली पत्रावळ हळूहळू सरकवत गेली. कोणीतरी लांबून तिच्यापुढे पत्रावळ टाकली, कोणी भात टाकला. मी रस्सा घेऊन तिच्यापर्यंत पोहोचलो.

तिने भात कालवला नाही. ती म्हणाली, "आले खरी, पण जात नाही. एवढी माणसं बघतायत."

मला त्या क्षणी काही दिव्य वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला धाकटा भाऊ आठवला, थोरल्याच्या ताटात हात घालणारा. पोरगी आठवली. डॉक्टरांचे ते दोन शब्द आठवले. आणि याहून जास्त खात्री मला कधीच मिळणार नाही, ती यायच्या आत ही बाई संपेल, एवढं स्पष्ट दिसलं. मी बादली खाली ठेवली, तिच्यासमोर मांडी घातली आणि तिच्याच पत्रावळीत भात कालवून घास घेतला.

 पंगतीच्या मधूनच एक म्हातारे ओरडले, "अहो, बसलात काय? इकडं रस्सा कोण वाढणार?"

पत्नी म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. उठा."

"तू खा, मग उठतो."

"माझ्या बाजूचं मटण घेऊ नका मग," असं म्हणून तिने एक घास घेतला. दुसरा घेतला. आमच्यापाशी आणखी कोणी येऊन बसलं नाही. पाळकसाहेब मान खाली घालून जेवत राहिले. बादली पंचांनी उचलली.

जेवण झाल्यावर तेच माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते. "भाऊ, तुम्ही केलंत ते मला जमलं नसतं. पण आता काही महिने तुम्ही ताट-प्याला मांडू नका. लोक घेणार नाहीत." मी बरं म्हणालो. त्यांच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं.

आईने घरी एकच वाक्य म्हटलं. "तू तिच्यासंगं जेवलास, आता तूबी त्यातलाच. पोरीला मी नगरला घेऊन जाते."

मी भांडायला उभा राहिलो होतो. पत्नीनेच मला थांबवलं. ती दारात येऊन म्हणाली, "आत्याबाई, न्या. पुढच्या तपासण्या होईपर्यंत ठेवा. तुमची भीती खोटी नाही."  आई मुलीचे कपडे बांधायला बसली, आणि बांधताना रडली.

मंगळवारी त्या दोघींना मी एस.टी.त बसवलं. पोरगी खिडकीतून हात हलवत होती. पत्नी माझ्या मागे चार हात अंतरावर उभी होती. तो हात आम्हा दोघांपैकी कोणाला होता ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी पत्नी आत आली आणि चुलीपुढे बसली. दीड वर्षाने. भाकरी थापताना तिला दम लागत होता, म्हणून पीठ मी मळून दिलं. पिठल्यात मीठ जास्त पडलं. आम्ही चुलीजवळच बसलो, एका ताटात. घर इतकं रिकामं होतं की भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता.

ती म्हणाली, "भीती वाटते ना तुम्हाला?"

"वाटते."

"मग का जेवताय?"

"भूक लागली आहे."

"उद्याही वाटेल भीती."

"उद्याही जेवू."

तिने माझ्याकडे पाहिलं, मी खरं बोलतोय का ते बघायला. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "पोर नाही घरात. हिच्यातली तिची अर्धी मीच घेते." आणि ती रडत रडत जेवली, सगळी अर्धी भाकरी, आणि मी तिला थांबवलं नाही.