चाल बदलणारी सुमनआत्या

सुमनआत्याला गाणं नुसतं ऐकणं कधी जमलंच नाही. बडनेऱ्यात कुणाच्याही वरातीत बँड सुरू झाला, की ही घोळक्यातून वाट काढत थेट ढोलवाल्यापाशी. "जराक दबून वाजव ना बाप्पा, सूर तं आयकू दे." बँडवाले तिला दुरूनच ओळखत आणि जमेल तितकं टाळत.

आमच्या घरचं एक गाणं आहे. आजोबांनी भीमजयंतीसाठी रचलेलं. ते विहारात एकतारीवर संथपणे म्हणत. आत्यानं तरुणपणी त्याच गाण्याला ढोलकी-बेंजोची साथ दिली, कव्वालीचा ठेका धरला, आणि अकोल्यापासून अचलपूरपर्यंत लोक त्यावर नाचले. पण पहिल्यांदा ती हे गायली, तेव्हा मागे बसून झील धरणारे आजोबा अर्ध्या गाण्यातून उठून गेले.

"बापानं पुन्हा त्या गान्याचं नावच घेतलं नाही," ती म्हणायची. "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं." एवढं बोलून ती चहा अर्धा टाकून उठायची.

पुढे घशाचं ऑपरेशन झालं, आवाज खरखरीत झाला आणि गाणं थांबलं. यंदा माझी मुलगी प्रज्ञा अमरावतीहून तेच गाणं गिटारवर बसवून आली. ढोलकी नाही, ठेका नाही. मधलं कडवं तर चक्क बोलूनच म्हटलेलं. आधी आत्याला ऐकवायचं, असा तिचा हट्ट. घरात दुसरा अबोला सुरू होणार, अशी मला धास्ती.

आत्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "असं कावून केलं वं?"

"आजी, तुह्या चालीवर नाचता येते, पन शब्द आयकू येत नाहीत. मले शब्द पायजे होते."

आत्यानं गिटारच्या तारेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "माह्या बापालेही हेच म्हनायचं असंल. बोलला नाही ना थो."

जयंतीला प्रज्ञा मंचावर गेली, तशी आत्याही गुडघे धरत चढली. कुणीतरी लगबगीनं तिच्यापुढे माइक आणला. तो तिनं प्रज्ञाकडे सरकवला आणि मागे कोरसच्या पोरींत जाऊन बसली. "तू म्हन. मी मांगं हाय."

पहिल्या ओळीला तिचा खरखरीत आवाज जुन्या सवयीनं पुढे पळाला. प्रज्ञा हसून थांबली. दुसऱ्या ओळीपासून आत्या बरोबर तिच्यामागून आली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. आजोबा जिथून उठून गेले होते, तिथे आत्या गाणं संपेपर्यंत बसून राहिली.