गल्लीतली पहिली सही

आमच्या गल्लीत अर्ज कसलाही असो, नळाचा असो की दिव्याच्या खांबाचा, पहिली सही माझी. अकरा घरं आहेत. प्लॉट पाडले तेव्हा सगळ्यांच्या आधी जोतं मी घातलं, म्हणून हा मान. माझी सही झाली की बाकीचे तिच्याखाली आपापली ठोकतात. कागद कोणी वाचत बसत नाही. याचा मला लई अभिमान होता.

गल्लीच्या मागचं मोकळं रान एका व्यापाऱ्यानं घेतलं. गेल्या उन्हाळ्यात त्याचा माणूस कागद घेऊन आला. म्हणाला, "आबा, मागं रस्ता अन् गटार करायचीय. शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. सुरुवात तुमच्यापासून."

मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. एसटीची पाटी वाचतो, दुकानाची वाचतो. पण छापील बारीक ओळी आणि त्यातलं कचेरीतलं मराठी मला झेपत नाही. हे गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. मी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मान हलवली आणि सही केली. दिवस मावळायच्या आत अकराच्या अकरा सह्या झाल्या.

पुढं महिन्याभरानं सून पेपर वाचता वाचता थांबली. "आबा, आपल्या मागच्या रानाची नोटीस आलीय." ते रान रहिवासी पट्ट्यातून काढून गोदामांसाठी द्यायचं घाटत होतं. कोणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्या, असं खाली होतं. ती नगरपालिकेत गेली आणि फायलीची झेरॉक्स घेऊन आली. तिनं ती मोठ्यानं वाचली. लगतच्या घरमालकांची हरकत नाही, ट्रकांची ये-जा गल्लीतून राहील, गल्ली रुंद करायला घरापुढची जागा सोडू. खाली पहिली सही माझी.

माझ्या उंबऱ्यापासून गटारीपर्यंत चार पावलं. तेवढ्यात बायकोची तुळस, दगडी पायरी, नातीची सायकल. तिथून ट्रक जाणार.

शेजारचा रिटायर कंडक्टर तरातरा आला. "आबा, तुमी वाचून सही केल्ती ना?"

"वाचल्याशिवाय करीन का? तवा त्यात गटारच हुती. कागद बदलला त्यांनी."

तोंडातून निघून गेलं. कंडक्टरनं ते खरं मानलं आणि अकरा घरांच्या हरकतीत तेच लिहिलं, की आमचा कागद बदलला. त्या दिवसापासून मला भाकर गोड लागेना. कोणी दारावरून हाक मारली की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो. बायको म्हणायची, "दवाखान्यात चला." मी म्हणायचो, "मला काय झालंय?"

नगरपालिकेत साहेबांपुढं सुनावणी लागली, तिला आम्ही सगळे गेलो. व्यापाऱ्याच्या वकिलानं मूळ कागद टेबलावर ठेवला. एकच पान. वर मजकूर, खाली आमच्या सह्या. माझ्या सहीची शेपटी वरच्या ओळीत घुसलेली. बदलायला जागाच नव्हती. वकील म्हणाला, "साहेब, अकरा माणसं खोटं लिहून देतायत. यांची हरकत धरायचीच कशाला?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "पहिली सही तुमची. हा मजकूर तेव्हा होता की नव्हता?"

मागं सगळी गल्ली उभी होती. नाही म्हणालो असतो तर सगळ्यांवर बालंट. हो म्हणालो असतो तर माझी अब्रू. खुर्चीची पाठ धरली.

"हुता, साहेब. पर मला वाचता येत न्हाई एवढं. मी नुसतं बोट फिरवलं. कागद बदलल्याचं बी मीच खोटं सांगितलं. या लोकांनी माझ्यावर भरवसा ठिवला, त्यांचा दोष न्हाई."

साहेब म्हणाले, "संमती मागं घ्यायची असेल तर आत्ता लेखी द्या. विचार करू."

बाहेर जिन्यात कंडक्टरनं अर्ज लिहिला. माझ्याकडं बघेना. वाटलं, आता हा माणूस जन्मात बोलायचा नाही. लिहून झाल्यावर त्यानं तो सगळ्यांना दोनदा वाचून दाखवला, एकेक ओळ. मग पेन माझ्यापुढं धरला. "करा. पहिली तुमचीच."

"माझी नगं आता."

"गल्लीत लई वर्षं तिकिटं फाडल्यासारखी सही करत आलाव, आबा. आज ऐकून करा."

सही वाकडी आली.

निकाल अजून लागलेला नाही. रोज सून पेपर आधी मला वाचून दाखवते. हायवेवरचा एखादा ट्रक गल्लीच्या तोंडाशी हळू झाला की मी हातातलं टाकून पायरीवर जाऊन उभा राहतो, तो पुढं जाईपर्यंत.