कोसमझरीचं नाव माझ्याकडे होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय, हसण्यावारी नेता येईल तेवढं. तेच आधी सांगतो. अवघड गोष्टीकडे मी नेहमी असाच तिरका चालत जातो.

लातूरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत शेजारच्या पाहुण्याला मी सहज म्हणालो, "विष्णुपुरी घेतलं मी." आमच्या नांदेडजवळचं, धरणाचं विष्णुपुरी. पाहुण्याचा हात वरणावरच थांबला.

"किती गुंठे?"

मला सांगायचं होतं की जमीन नव्हे हो, नाव घेतलंय. इंटरनेटवरचा पत्ता, आपल्या अक्षरांतला — गावाचं नाव, मग टिंब, मग भारत. पण पंगतीत एवढं कोण ऐकणार? मी म्हणालो, "सगळंच." ताटं उठेपर्यंत निम्म्या पंगतीनं माझा नंबर घेतला होता. गावी जाईपर्यंत मी बिल्डर झालो होतो.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. घरी पाहुणे आले की मी रंगवून सांगतो.

नोकरी माझी एका कॉलेजच्या कार्यालयात, या टेबलावरची फाईल त्या टेबलावर. पण मोबाइलवरच्या व्हिडिओत एकानं पटवून दिलं की उद्या अख्खा देश आपापल्या लिपीत इंटरनेट वापरणार, आणि गावांची नावं ज्याच्याकडे, त्याची चांदी. मोठ्या शहरांची नावं माझ्याआधीच लोकांनी उचलली होती. मग मी धबधबे घेतले, बाजाराची गावं घेतली, एक घाटसुद्धा घेतला. दरवर्षी त्यांचं भाडं भरायचं आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. ते कुठून यायला? आपल्याकडे लोक "जेवलास का" हेसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहून राहिलेत. मी तरी कुठं वेगळा होतो?

त्यातच एक नाव घेतलं — कोसमझरी. बायकोचं माहेर. इस्लापूरच्या पुढं, सहस्रकुंड धबधब्याच्या वाटेवर. घेतलं आणि बायकोला बोललो नाही. का नाही बोललो? विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

मग एकदा तिची वहिनी आमच्याकडे आली. सुनीतावहिनी. गावातल्या बायकांचा बचत गट ती चालवते — हळद, चारोळी, मध. धबधबा बघायला येणाऱ्यांना विकतात. त्यांना आता वेबसाइट काढायची होती, आणि पत्ता गावाच्या नावाचा, मराठीतच हवा होता. गटातल्या बायकांना मराठी वाचता येतं, इंग्रजी अक्षरं नाही.

"आपला पत्ता आपल्याला वाचता आला पाह्यजे, दाजी," वहिनी म्हणाली. "न्हाईतर आमच्याच बोर्डावर काय लिव्हलंय ते गिऱ्हाइकाला इचारत बसावं का?"

मराठी अक्षरांतलं नाव मागायला आलेलं ते माझं पहिलं माणूस. इतक्या वर्षांत पहिलं. आणि ते माझ्याच स्वयंपाकघरात बसून चहा पीत होतं. काय म्हणायला हवं होतं मी? "वहिनी, ते माझ्याकडेच आहे, घेऊन जा." एवढंच ना? एक वाक्य.

मी म्हणालो, "ते नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय." हे खरंच होतं. मग पुढचं आलं — "दिल्लीचा कुणीतरी आहे."

असं ते. दिल्लीचा कुणी नव्हता. मीच होतो.

नात्यात पैसे मागता येत नाहीत. दिल्लीवाल्याला मागता येतात. मी त्याच्या तोंडी एक आकडा घातला. वहिनीनं तो ऐकून पदर खोचला. "त्याला म्हणावं, झरीचं पाणी भरलंस का कधी डोक्यावर? नाव आमचं अन् तू कोन?" मी निरोप नेतो म्हणालो. चार दिवसांनी उत्तरही आणलं — नाही म्हणतोय, अडून बसलाय. दोन्ही बाजूंची घासाघीस मी एकटाच करत होतो, आणि खरं सांगू? दिल्लीवाल्याची बाजू मी जास्त चांगली मांडली.

गटानं फाट्यावर पत्र्याचा बोर्ड उभा केला होता. वर गटाचं नाव, खाली हळद, चारोळी, मध. आणि शेवटची ओळ पत्त्यासाठी कोरी ठेवलेली. श्रावणात धबधब्याला गर्दी उसळते. नांदेडच्या, लातूरच्या गाड्या थांबायच्या, हळद हुंगून बघायच्या आणि विचारायच्या, घरपोच मिळेल का, कुठं बघायचं? बायका सांगायच्या, "नाव यायचंय अजून." गाड्या निघून जायच्या. मी स्वतः एका रविवारी तिथं उभा होतो. मी हे ऐकलं. पुडीभर चारोळी घेतली आणि गाडीत बसलो.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. धोंड्याच्या जेवणाला सासूबाईंनी बोलावलं. जावई म्हणजे अधिकात देवच. पाटावर बसवतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढतात. वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "त्या दिल्लीवाल्याला बी कुनी लेक दिली असंल का ओ, जावईबापू?"

सगळे हसले. बायको सगळ्यांत जास्त. मी आणखी एक धोंडा तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

घरी परतल्यावरही निज श्रावण संपेपर्यंत मी दिवस ढकलले, मग दिल्लीवाल्याला पाझर फोडला. नाव गटाच्या नावावर करून टाकलं, फुकट. तेव्हा तरी सांगायचं! पण मी फोनवर म्हणालो, "वहिनी, कसंबसं मनवलं त्याला." तोवर गर्दीचे दिवस सरले होते. झरीच्या वाटेवर शुकशुकाट होता.

गावानं मारुतीच्या पारावर माझा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ. वहिनी गावाच्या सभेत कधी बोलत नाही, त्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, "दाजी होते म्हनून झालं." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, माणूस विनयी आहे. टोपी घालायला सोपं जावं म्हणून मी आणखी थोडा वाकलोसुद्धा.

पहिल्या वेळी लोभ होता, असं म्हणता येईल. या वेळी काय होतं? काहीही असलं तरी त्यानं तो श्रावण त्या बायकांना परत मिळणार नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर काल बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. वाचून संपलं तरी निवडतच राहिली. मग देठं कागदात गुंडाळली, हात धुतले आणि म्हणाली, "रविवारी माहेरी जायचं ठरलंय ना आपलं. तुम्ही एकटेच जा. वहिनीला सांगून झालं की फोन करा, मग मी येते."