बाबांचा उजवा हात आणि बंद पडलेला दुसरा भाग

खेळाचा दुसरा भाग बंद पडल्याची बातमी मी कुरखेड्याच्या बस स्टँडवर मोबाईलमध्ये वाचली आणि मला आधी हसू आलं. खोटं कशाला सांगू? 'बरं झालं, गेलं एकदाचं,' असंच मनात आलं. मग घर आठवलं, घरी वाट बघत बसलेले बाबा आठवले, आणि मी ती बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेव्हापासून मला ह्या प्रकरणात नक्की काय वाटतं ते माझं मलाच कळेना झालं आहे.

आधी तो खेळ कसला ते सांगते. व्हिडिओ गेम, रोल-प्लेइंग म्हणतात त्यातला. आपण त्यात एक माणूस व्हायचं, त्याला गावोगाव फिरवायचं, लोकांशी बोलायचं, त्यांची कामं करायची, आणि एकेक करत गोष्ट पुढं न्यायची. ह्यातला माणूस एक बाप होता. त्याच्या पोरीला कोणी तरी नदीपलीकडं नेलेलं, आणि हा तिला शोधत जंगलातून निघालेला. गोष्ट चांगली, जंगल तर इतकं सुंदर की आमच्या धानोऱ्याच्या वाटेवरचं वाटावं. पण खेळ चुकांनी भरलेला. घोडा जमिनीपासून वीतभर वर चालायचा. एका गावात एक माणूस कंबरेपर्यंत भिंतीत अडकलेला होता आणि तिथूनच हसून बोलायचा. सगळ्यात वाईट म्हणजे, औषधी पाल्याची एखादी जागा पूर्ण खुडली की तेवढा जंगलाचा तुकडाच गायब व्हायचा, आणि मग आपण जपून ठेवलेला सगळा खेळ पुन्हा उघडायचाच नाही. माझे महिने असे दोनदा पाण्यात गेले.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. चूक दिसली की माझं डोकं फिरतं, हा माझा जन्मजात दोष. ह्या खेळाच्या चाहत्यांचा एक गट आहे, नागपूरपासून परदेशापर्यंतचे लोक त्यात आहेत. तिथं मी रागाच्या भरात एक लांबलचक यादी टाकली. एकेक चूक, चित्रांसकट. शेवटी लिहिलं, की ज्यांना पहिला भाग धड करता आला नाही त्यांनी दुसऱ्याच्या नादी लागू नये. लोकांनी ती यादी डोक्यावर घेतली. कुठं कुठं फिरली ती.

यादी टाकल्यावर काही दिवसांनी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, हात काही येईना. डॉक्टरांनी एक रबराचा चेंडू दिला आणि रोज दाबा म्हणून सांगितलं. बाबांनी तो दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी खाटेखाली टाकून दिला. ज्या माणसानं अर्धं आयुष्य धानात आणि उरलेलं जंगलात काढलं, मोहफूल, चारोळीची चार, आवळा, कंद, बांबूचे कोवळे वास्ते, काय काय आणलं, त्याला घरात बसून चेंडू दाबायला सांगणं म्हणजे अपमानच. मी बोलले, चिडले, आई असती तर तुम्ही असं केलं असतं का, इथपर्यंत गेले. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

एका रविवारी दुपारी मी त्या खेळाला शिव्या देत खेळत होते. मागून आवाज आला, "तिकडून नोको जाऊ, तिथी दलदल आहे." खरंच होती. बाबा खाटेवर उठून बसले होते. मी कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हातानं माणूस चालायचा, पण पाला खुडायचा तर उजव्या बोटानं बटण दाबावं लागायचं. पहिला पाला खुडायला त्यांना अख्खा तास लागला. त्या तासात मी एकदाही चिडले नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

मग दीड-दोन वर्षं बाबा त्या जंगलात राहायला गेले म्हणा ना. इंग्रजी येत नाही, म्हणून पडद्यावरचं सगळं मी आमच्या बोलीत वाचून दाखवायची. खेळातला राजासुद्धा आमच्या घरात "काऊन रे, कोठी चालला?" असं बोलायचा. लढाया बाबांनी टाळल्या. जंगलात शिरायचे आणि पाला गोळा करायचे. पण कधीच सगळा खुडायचे नाहीत. दहा रोपं असली तर तीन-चार ठेवायचे. आमच्याकडं ही रीतच आहे, कंद काढला की त्याचं टोक परत खड्ड्यात पुरायचं, आवळ्याच्या शेंड्याला हात लावायचा नाही, मधाच्या पोळ्याचा एक भाग माश्यांना सोडायचा. मी म्हणायची, "बाबा, हे खोटं जंगल आहे." ते म्हणायचे, "असन. आपली सवय त खोटी नाई."

त्यामुळं झालं असं, की ज्या चुकीपायी जगभरचे लोक कपाळावर हात मारत होते, ती बाबांना कधी दिसलीच नाही. आणि बाकीच्या त्यांना चुका वाटल्याच नाहीत. घोडा वर चालतो, तर त्याची जात तशी असेल. भिंतीतला माणूस, तर बिचाऱ्याला कोणाचा तरी शाप असेल. त्याच्यासमोर रोज एक फळ ठेवून, रामराम करून ते पुढं जायचे.

पहिला भाग नदीकाठी संपला. बाप काठावर पोचतो, समोरच्या तीरावर पोरगी उभी दिसते, एक डोंगा काठाला लागतो, आणि अक्षरं येतात की पुढची गोष्ट दुसऱ्या भागात. मी वाचून दाखवलं. बाबा पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "डोंगा वल्हवा लागन." आणि वाकून त्यांनी स्वतः खाटेखालचा चेंडू काढला. वैनगंगेच्या पाण्यात वल्हं मारलेला माणूस तो. दुसऱ्या भागात एका हातानं भागायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ चेंडू. सहा महिन्यांत ते उजव्या हातानं पेला धरायला लागले. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी कसलं काय केलं होतं?

आणि आता ही बातमी. कंपनीचं चार ओळींचं पत्रक होतं, दुसऱ्या भागाचं काम थांबवलं आहे, सगळ्यांचे आभार.

गटात तर बाजार भरला. जो माणूस पहिल्या भागाला कायम कचरा म्हणायचा, त्यानं असा गळा काढला की घरातलं कोणी गेलं असावं. जी बाई दर आठवड्याला खेळाचं कौतुक लिहायची, ती एक शब्द बोलेना. काही दात काढत होते, मिठाई वाटा म्हणे. काही सह्या गोळा करायला निघाले. आणि कोणी तरी माझी ती जुनी यादी वर काढली. एकानं खाली लिहिलं, 'असल्या लोकांमुळंच बंद पडला.' दुसऱ्यानं लिहिलं, 'हिचं ऐकलं असतं तर बंद पडला नसता.' मी दोन्ही वाचलं आणि दोन्ही मला पटलं. ह्याला काय म्हणावं? ज्याचं वाटोळं व्हावं असं मी लिहिलं, त्याचं खरंच वाटोळं झालं, आणि मी शाळेच्या स्टाफ रूममध्ये पाठ करून डोळे पुसत होते.

बाबांना सांगायचा धीर होईना. सांगितलं तर चेंडू परत खाटेखाली जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. सकाळी ते विचारायचे, "आली का बातमी?" मी "नाई जी अजून" म्हणून चहा ठेवायला पळायची. असे पंधरा दिवस गेले. मग एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "तो भाग येईन त्या दिवशी सुट्टी टाकजो. वाचून दाखवाले कोन आहे मले?" हातातला घास मी ताटात ठेवला. मी सांगून टाकलं.

"बंद म्हंजे?"

"आता करणार नाहीत."

"काऊन?"

"लोकायला आवडला नाही, बाबा. चुका होत्या फार."

"कोनत्या चुका?"

मी सांगायला लागले. घोडा. भिंतीतला माणूस. बाबा माझ्याकडं असे बघत होते जसं मी शेजाऱ्याची चहाडी करते आहे. "तो चूक होता का?" ते हळूच म्हणाले. "मी त त्याले रोज फळ ठेवत होतो." मी ताटं उचलायला लागले. यादी मी केली होती, हे मी सांगितलं नाही.

चेंडू बंद झाला. तीन दिवस हात मांडीवर तसाच पडून. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा त्यांनी खेळ लावायला सांगितला. ओढ्याकाठच्या त्यांच्या आवडत्या जागी गेले आणि खुडायला लागले. एक, दोन, पाच, आठ. मी दारात उभी होते. पुढं काय होणार ते मला चांगलं माहीत होतं. तरी मी त्यांना थांबवलं नाही. का नाही थांबवलं, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. एवढंच म्हणाले, "बाबा, थोडं ठेवा ना."

"कोनासाठी ठेवू? पुढचं त काई येऊन नाई राह्यलं."

शेवटचं रोप खुडलं, ओढ्याचा काठ गेला, आणि पडदा काळा झाला. परत लावलं, उघडेना. दोन वर्षांचं सगळं गेलं.

बाबा उजव्या हाताकडं बघत म्हणाले, "माह्यानं मोडलं का?"

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, की नाही, ही चूक पहिल्या दिवसापासून आहे, सगळ्यांचं असंच होतं, माझं दोनदा झालं. ते ऐकेनात. "तू माह्यं मन राखाले बोलून राह्यली. दोन वर्सं मी थोडं ठेवलं तवा काई झालं नाई. आज सगळं खुडलं, मोडलं." कॉम्प्युटर शिकवणारी मी, पण नुसती खेळ बंद करून परत लावून बघत राहिले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "सगळे लोक असेच खुडत असन. मंग त्याहीनं काऊन द्यावं दुसरं जंगल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा मोबाईल मागितला. कंपनीला पत्र लिहायचं होतं, आणि स्वतःच्या हातानं. मी बोलून टाईप करता येतं म्हटलं तर माझ्यावरच डाफरले. उजव्या हाताच्या एका बोटानं, दुपारभर बसून त्यांनी लिहिलं: 'माझ्या हातून जंगल मोडलं. माझं चुकलं. बाकी लोकांवर राग धरू नका. पोरगी तिकडं एकटी आहे. दुसरा भाग करा.' मग मोबाईल माझ्यापुढं धरला, "पाह्य बरं, चूक असन त सांग. तुले समजते."

मी इंग्रजी करून पाठवलं. लगेच आपोआप येणारं उत्तर आलं, की हा पत्ता आता बंद आहे. ते मी दाखवलं नाही. मग रागानं म्हणा, नाही तर आणखी कशानं, मी ते पत्र गटात टाकलं. एकानं हसरा चेहरा टाकला. एकानं रडका. एक म्हणाला, ही बनवलेली गोष्ट आहे. एकानं फार आपुलकीनं विचारलं, की तुमचे बाबा खेळाची कोणती आवृत्ती खेळत होते. मला सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी वाटलं, ह्यांच्याशिवाय मी हे बोलू तरी कोणाशी?

बाबांनी चेंडू परत हातात घेतला आहे, पण आता ते उत्तराची वाट बघतात. "आलं का?" "नाई जी." "येईन. मोठे लोक आहेत, टाईम लागते." असं किती दिवस चालणार? काल दुपारी मी कंपनीच्या वतीनं स्वतःच उत्तर लिहायला बसले. 'काका, चूक तुमची नव्हती, आमची होती,' एवढं लिहिलं आणि हात थांबला. ह्यातलं 'आमची' म्हणजे कोणाची, ते मला कळेना. कंपनीची, गटाची, का माझी? त्यापुढं एक अक्षर सुचलं नाही, म्हणून तेवढंच बाबांना कंपनीचं उत्तर म्हणून वाचून दाखवलं.

बाबांनी ते नीट ऐकलं. दोनदा वाचायला लावलं. चेहरा उजळला, मग हळूहळू ते कोड्यात पडले.

"माही चूक नोती," ते म्हणाले, "त मंग बंद काऊन केलं?"